पौर्णिमेच्या पिसवा

२१ जुलै

पिसवा! दुसरं काही असूच शकत नाही. आई सकाळी विहारातून आली ती पायऱ्या चढतानाच खाजवत होती. पाय दाखव म्हटलं तर दाखवेना. शेवटी मीच तिचं लुंगीसारखं सारोंग वर सरकवलं. घोट्याभोवती लाल ठिपके, ओळीनं, कच्चे टाके घातल्यासारखे. म्हणते, "डास असतील." डास काय ओळ धरून चावतात?

हे मोनचंच काम. दिवसभर गावभर भटकायचं आणि रात्री आईच्या पायाशी येऊन पडायचं. मोन म्हणजे उशी. बा भिक्खू व्हायला गेले त्या वर्षी हे मांजर कुठूनसं आलं आणि थेट त्यांच्या उशीवर जाऊन झोपलं, म्हणून हे नाव. आजी वारली होती. तिला पुण्य लागावं म्हणून मुलानं सात दिवस चीवर घालायचं. सगळेच घालतात. सगळे आठव्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवतात. बा आलेच नाहीत. आजपासून त्यांचा अकरावा वर्षावास. उशीवर अजून मोनच.

२२ जुलै

बारीक फणीनं मोनला विंचरलं. एकही पिसू नाही! मला दोनदा ओरबाडलं ते वेगळंच. लबाड आहे, कुठंतरी लपवून ठेवल्या असतील.

२५ जुलै

सगळ्या चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. चटया उन्हात टाकल्या — ऊन कसलं, दोन सरींच्या मधला उजेड. सीताफळाचा पाला कुटून खोबरेल तेलात कालवला आणि मोनच्या मानेला चोळला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिचं तोंड टॉवेलात धरून. संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवली. पिसू उजेडाकडे उडी मारते आणि बुडते.

आईनं ताटली उचलून पाणी बाहेर फेकलं. वर्षावास आहे, या घरात जीव मारायचा नाही म्हणाली. मी म्हटलं, पाप माझ्या नावावर घाल. तर म्हणे तुझ्या नावावर आधीच पुष्कळ आहे. तिच्या हाताला एखादी पिसू लागली तर ती चिमटीत धरते आणि फळ्यांच्या फटीतून अलगद खाली सोडते. खाली, घराच्या खांबांमधल्या जागेत, कोण? मी. शिवणयंत्रावर. शाळेचे गणवेश शिवत.

२९ जुलै

काल अष्टमी होती. आई नेहमीप्रमाणे पांढरे कपडे घालून, चटई बगलेत मारून विहारात गेली. महिन्याच्या चारही उपोसथांना, म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टमींना, ती अष्टशील घेते, मंडपात इतर म्हाताऱ्यांबरोबर जमिनीवर झोपते आणि सकाळी परत येते. आज आली ती नव्या ठिपक्यांसकट. जुने तर तिनं नखांनी फोडून ठेवलेत. उजव्या घोट्याशी चिघळलंय.

आरोग्य केंद्रातली सुनिसा दुपारी मोटारसायकलवरून आली. जखम धुतली, पट्टी बांधली, साखर मोजली आणि तोंड वाकडं केलं. मला खाली बोलावून म्हणाली, "आम्पायताई, यांची साखर अशी आणि रोज नवीन जखम. हे पिसवांचं आधी मिटवा. नाहीतर पाय जाईल, मी उगाच घाबरवत नाहीये." शेजारच्या लामूनमावशीच्या नवऱ्याचं असंच झालं होतं. आधी अंगठा, मग पाऊल, मग माणूस.

घाबरलेच मी. काही शिवायला घेतलं तर सुई ओवता येईना.

१ ऑगस्ट

मोनला देऊन आले.

कुठं देणार? आपल्याकडे नको झालेलं मांजर, नको झालेलं कुत्रं, मोडकी खुर्ची, सगळं विहारात जातं. मासळीच्या टोपलीत घातलं, वरून जाळी बांधली. वाटभर ओरडत होती. बांच्या कुटीच्या पायरीवर टोपली ठेवली आणि नमस्कार केला. बा पायरीवर बसले होते. शेजारी तो त्यांचा बुआप — घोसाळ्यासारखा लांबुडका कुत्रा, म्हणून घोसाळंच नाव ठेवलंय — त्यांच्या मांडीला मान टेकून पडलेला.

माझे वडील मला उपासिका म्हणतात. अकरा वर्षं झाली तरी दर वेळी मला मागे वळून बघावंसं वाटतं, कुणाला म्हणाले!

"उपासिके, ही मोन ना?"

"हो, भन्ते. घरात पिसवा झाल्यात."

आणखी काही विचारलं नाही. आईच्या पायाचं सांगायचं जिभेवर आलं होतं. पण आईनं निघताना हात धरून बजावलं होतं, "माझी शपथ आहे, माझ्या पायाचं त्यांना एक अक्षर सांगायचं नाही. माझ्यापायी त्यांनी चीवर उतरवलं तर ते पाप मी कुठं फेडू?" बायकोनं नवऱ्याला विहारातून ओढून आणलं म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगायला नको. मी नमस्कार करून निघाले.

घरी आले तर आई उशी झटकत होती. मोनचे केस निघत नव्हते. रडली नाही. मीच नंतर मशीनवर बसून रडले.

५ ऑगस्ट

काल अमावास्या. आई विहारातून आली ती खुशीत. मोन म्हणे बांच्या कुटीच्या खिडकीत बसते आणि भिक्षेतला मासा आधी तिला लागतो. "मजेत आहे बाई, तुझ्यासारख्या मारकुटीच्या हातून सुटली."

मी हसले. मग तिचे पाय बघितले.

नवे ठिपके! डाव्या पोटरीवर, लालभडक. घरात मांजर नाही, कुत्रं नाही, कोंबडीसुद्धा नाही!

७ ऑगस्ट

पांढरे पायमोजे गुडघ्यापर्यंत चढवून सगळ्या घरभर फिरले. पिसू असेल तर पांढऱ्यावर काळी दिसते, औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं. कोपरे, पलंगाखाली, भाताच्या कणगीमागे. मोजे स्वच्छ. लामूनमावशी कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "काय गं, या वयात शाळेत नाव घातलंस की काय?"

घरात पिसू नाहीच. मग आईला कुठं चावतात?

१३ ऑगस्ट

मी मूर्ख आहे. एवढं साधं दिसू नये!

काल राणीमातेचा वाढदिवस, म्हणजे आपल्याकडचा मातृदिन, आणि अष्टमीही. मी आईच्या मनगटात मोगऱ्याचा गजरा बांधला, पाया पडले आणि म्हटलं आज तरी घरी राहा. गेलीच. आज सकाळी ती परत आली तेव्हा मी अंगणातच उभी होते. तिला वर चढू दिलं नाही. चटई तिथंच उलगडली. पांढऱ्या सारोंगावर, अगदी काठाशी, तिळाएवढा काळा ठिपका. बोट नेलं तर उडाला.

प्रत्येक वेळी उपोसथाच्या दुसऱ्या दिवशीच! आणि मी बसले मोनला विंचरत. ज्या विहारातून पिसवा येत होत्या त्याच विहारात मी बिचारीला पिसवांसाठी सोडून आले.

लामूनमावशीला विचारलं, मंडपात तुम्हाला नाही का चावत? तीही उपोसथाला तिथंच झोपते. म्हणाली, "आम्हाला कशाला चावतील? आम्ही मूर्तीसमोर पंख्याखाली झोपतो. तुझ्या आईलाच मागच्या दाराशी झोपायची हौस. तिथं तो घोसाळ्या कुत्रा येऊन पडतो तिच्या पायाशी. हाकललं तर हीच आमच्यावर डोळे वटारते."

आईला म्हटलं जागा बदल. म्हणाली, मागच्या दाराला वारा असतो.

१९ ऑगस्ट

पौर्णिमा. आज मीही आईबरोबर गेले. झोपायला नाही, संध्याकाळच्या वंदनेपुरती. खरं कारण त्या मागच्या दाराचा वारा बघायचा होता.

वंदना संपली. आईनं चटई मागच्या दारात पसरली. तिथून समोर अंगण, आंब्याचं झाड आणि पलीकडे बांची कुटी. बा पायरीवर येऊन बसले. बुआपनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बा त्याच्या डोक्यावरून, कानांमागून, पाठीवरून हात फिरवत राहिले, सावकाश, बराच वेळ. मान खालीच. मंडपाकडे एकदाही बघितलं नाही. मग त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

बुआप उठला. अंगण ओलांडून सरळ आईच्या चटईपाशी आला आणि पायाशी पसरला. रोजचं काम असल्यासारखा. आई उठून बसली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग कानांमागे. मग पाठीवर. जिथं जिथं त्यांचा हात फिरला होता तिथं तिथं. तिनंही कुटीकडे बघितलं नाही.

भिक्खूला बाईचा हात लागत नाही. आई त्यांना भाताचा गोळासुद्धा हातात देऊ शकत नाही. ते समोर कापड धरतात, ती कापडावर ठेवते. अकरा वर्षं मी हे बघतेय आणि मला वाटत होतं यांचं सगळं संपलं केव्हाच.

माझे डोळे भरून आले. कुठं बघावं कळेना, म्हणून आंब्याकडे बघत राहिले.

२० ऑगस्ट

आता काय करू? कुत्र्याला आंघोळ घालू. दुसरं काय करणार!

२४ ऑगस्ट

घातली! बादली, साबण, फणी आणि दुकानातून आणलेलं मानेवर लावायचं औषध घेऊन गेले. दुकानवाल्यानं दोनदा बजावलं, हे कुत्र्याचं आहे, मांजराला लावलंत तर मांजर मरेल. म्हणून मोनला आधी कुटीत कोंडलं.

बांना विचारलं, चालेल ना? भिक्खूनं जीव मारायचा नाही, मारा म्हणायचंही नाही. बांनी बादलीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "मुक्या जनावराला आंघोळ घालणं पुण्याचंच आहे." आणि उठून पाठ करून बसले. पाण्यात काळं काळं तरंगत होतं. मी मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हणत होते. त्यांचे खांदे हलले. हसत होते! इतक्या वर्षांनी मी बांना हसवलं.

पण सुनिसा म्हणते एका कुत्र्यानं भागणार नाही. विहारातली सगळी कुत्री आणि मांजरं, खांबांवरच्या मंडपाखालची वाळू, सगळं एका दिवशी व्हायला हवं. वाळूतली अंडी फुटली की पुन्हा तेच. मोठ्या भन्तेंकडे जाऊन हात जोडले. ते म्हणाले वर्षावास संपेपर्यंत नाही. पावसाळ्यात पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणूनच तर भिक्खू तीन महिने एका जागी बसतात, आणि मी त्यांच्याच मंडपाखाली विष टाकायला निघालेय. बोलणं खरं आहे. 

२८ ऑगस्ट

काल अष्टमी. आज नवे ठिपके. वाळूत अंडी फुटली.

३ सप्टेंबर

भांडलो. काल अमावास्या, पितरांना घास ठेवायचा दिवस. मी आईचं पांढरं सारोंग लपवून ठेवलं आणि तिला जाऊ दिलं नाही. पायाला सूज आहे, जखमेला वास येतोय, सुनिसानं गोळ्या बदलल्यात. आजीच्या नावाची केळीच्या पानातली पुरचुंडी मीच एकटी जाऊन झाडाखाली ठेवून आले. परत आले तर आई तशीच बसलेली. जेवली नव्हती.

मला राग आला. म्हटलं, एका कुत्र्यापायी पाय घालवणार आहेस का?

तेव्हा बोलली. माझ्याकडे न बघता.

"मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. ये म्हटलं नाही. का गेलात म्हटलं नाही. महिन्यातून चार वेळा तो कुत्रा येतो. तेवढं राहू दे मला."

मग पायाची पट्टी सारखी करत म्हणाली, "त्यांनाही चावत असतील गं. आणि लोकांसमोर खाजवताही येत नसेल."

मी सारोंग काढून दिलं. धुऊन, इस्त्री करून.

१० सप्टेंबर

उगाच शिवणारीण नाही मी! डोकं चालवलं. मच्छरदाणीला खालून कापडाचा तळ शिवला, चारी बाजूंनी बंद, आत शिरायला एक चेन. आत आईची चटई. वर तिला मांडीपर्यंत पांढरे सुती मोजे, नाडी घालून. लामूनमावशी मंडपात बघून म्हणाली, "आत्ताच गुंडाळलीस का गं आईला? लाकडं तरी येऊ देत." सगळ्या म्हाताऱ्या हसल्या, आईसुद्धा.

चांगलं मजबूत झालंय. पिसू काय, मुंगी शिरणार नाही.

११ सप्टेंबर

पाय स्वच्छ! एकही नवा ठिपका नाही.

उजवा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत लाल. चेन उघडून हात बाहेर काढून ठेवला होता बाईनं.

१८ सप्टेंबर

डावा हात. उजव्याला विश्रांती दिली म्हणते.

हसू येतं आणि रडूही. सुनिसाला हसू आलं नाही. घोट्याची जुनी जखम भरतच नाहीये, करंगळी काळी पडतेय. म्हणाली आता अंगावर एक नवी जखम झाली तरी मी जबाबदार नाही.

२५ सप्टेंबर

आज सकाळी भिक्षेच्या वेळी मी विहारात गेले. आईला सांगितलं नाही. वाटेत शंभर वेळा ठरवलं, बांना सगळं सांगायचं, आणि शंभर वेळा आईची शपथ आठवली. त्यांनी कापड धरलं, मी भाताची टोपली ठेवली. बुआप त्यांच्या पायाशी होता. बांचा हात त्याच्या डोक्यावर.

"भन्ते, पुढच्या उपोसथाला बुआपला बांधून ठेवाल का?"

"का? चावतो का कुणाला?"

"तो नाही चावत."

त्यांचा हात थांबला. कुत्र्यानं वर बघितलं.   शपथ मोडली की पाळली, मला सांगता येत नाही.

३ ऑक्टोबर

काल अमावास्या. बुआपला आंब्याला बांधलं होतं. लामूनमावशी सांगत होती, संध्याकाळभर दोरी ताणून केकाटत होता. बा कुटीतून बाहेरच आले नाहीत.

आई आली. पाय स्वच्छ, हात स्वच्छ. चटई मला दिली आणि म्हणाली, "यापुढे घरीच झोपेन."

मी विचारलं, काय झालं?

"त्यांनी बांधला त्याला. बरोबर आहे त्यांचं. या वयात शोभतं का असं? मलाच कळायला हवं होतं."

मी म्हटलं, आई, बांधायला मी सांगितलं होतं. तिनं ऐकलं. पण मान हलवली आणि म्हणाली, तू सांगितलंस, पण बांधला त्यांनी ना? तिच्या मनातून ते काढता येईना. उशी पलंगावरून उचलून तिनं फडताळात ठेवली.

मला हवं होतं तेच झालं. पिसवा थांबल्या. मी अशी रडतेय का?

५ ऑक्टोबर

रात्रीत ताप चढला. जिल्ह्याच्या इस्पितळात आणलं. पायाची करंगळी काढली. डॉक्टर म्हणतात वेळेत आलात, पाय वाचला. इथून पुढे नवी जखम होऊ द्यायची नाही आणि पथ्य मोडायचं नाही.

वाचला! पाय वाचला. आधी तेच लिहायला हवं होतं.

८ ऑक्टोबर

आज बा आले.

एकट्या भिक्खूनं येऊ नये म्हणून बरोबर एक तरुण भिक्खू. सगळा वॉर्ड हात जोडून बसला. बा खाटेपासून लांब, खिडकीशी खुर्चीत बसले. आजाऱ्यासाठी म्हणायचं सूत्र म्हटलं.  आईनं चादर ओढून पाय झाकायचा प्रयत्न केला, पण चादर तोकडी. बांनी पट्टी बघितली. मग तिचे हात बघितले, जुने डाग असलेले. बराच वेळ बघत होते.

मंतरलेला पांढरा दोरा मनगटात बांधायचा. तो भिक्खूनं बाईच्या मनगटात बांधायचा नाही. बांनी दोरा वरून तिच्या तळहातावर सोडला, नुसता, स्पर्श न होता. मी बांधला. 

दारापर्यंत सोडायला गेले. बा थांबले. पाठमोरेच.

"उपासिके, घरी ती उशी आहे का अजून?"

"आहे, भन्ते."

"बरं," म्हणाले आणि गेले.

परत आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणाली, "त्यांनी माझा पाय बघितला." मी उशीचं सांगितलं नाही. चुकीचं ऐकलं असेन तर? तिला आणखी एकदा आशेला लावायची माझी हिंमत नाही.

१३ ऑक्टोबर

घरी आणलं. काठी घेऊन पाच-सहा पावलं टाकते. मासळीची आमटी मागितली, तिखट. नाही म्हटलं तर मला शिव्या दिल्या. बरी होतेय.

१७ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. वर्षावास संपला. नदीवर दिव्यांच्या होड्या सोडतात, सगळं गाव तिकडे. आईला म्हटलं पाठीवर घेऊन नेते. नको म्हणाली. गॅलरीतून जेवढं पाणी दिसतं तेवढं बघत बसली. लामूनमावशी केळीच्या पानातला भात देऊन गेली. तिच्या बोलण्यात आलं की मोठ्या भन्तेंनी परवानगी दिलीय, उद्या विहारातली सगळी कुत्री धुणार, वाळू उपसणार, पाला जाळून धूर करणार.

आता! आईनं जायचं थांबवल्यावर!

तिनं फडताळ उघडलं आणि उशी थोडा वेळ मांडीवर घेतली. मग पुन्हा आत ठेवली.

२० ऑक्टोबर

सकाळी मशीनवर होते. समोर सावली पडली. वर बघितलं तर एक म्हातारा, डोक्यावर नुकतेच खुंट आलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. एका हातात मासळीची टोपली, आत मोन. दुसऱ्या हातात दोरी, दोरीला बुआप, साबणाचा वास येणारा.

मी घाईघाईनं हात जोडले, "भन्ते —"

"बा म्हण," म्हणाले.

आई काठी टेकत वरच्या पायरीवर आली. तिथंच बसली. पाप लागलं, पाप लागलं माझ्यापायी, एवढंच म्हणत राहिली. बा खालच्या पायरीवर बसले.

"तुझ्यापायी नाही. मी सात दिवसांसाठीच गेलो होतो, कोंगमी. आठव्या दिवशी विहाराच्या दारात बसून वाट बघितली. कुणी घरी चला म्हणायला आलंच नाही. मला वाटलं, तुला पुण्य हवंय."

आई काठी बाजूला ठेवून बसल्या बसल्या त्यांच्याजवळच्या पायरीवर सरकली. मग म्हणाली, "पाय वर करा." त्यांची विजार गुडघ्यापर्यंत सरकवली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जागा नव्हती, जुन्यावर नवे, नव्यावर जुने. तिनं मला मलमाची डबी मागितली. मी दिली. तिनं बोट बुडवलं आणि लावायला लागली.